सहा वाजले की गार्डनर

सप्टेंबर १९९६मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या चॅनेल ६ने आपल्या बातम्यांची शीर्षकधून बदलली. खरं तर धून तीच होती, फक्त तिला भारदस्त वाद्यवृंदाचा साज चढवला होता. त्यासाठी लंडन फिलहार्मोनिकसारख्या नामांकित वाद्यवृंदाकडून ती नव्याने वाजवून घेतली होती. लोक खूश होतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. लोक भडकले, तक्रारींवर तक्रारी आल्या आणि काही दिवसांतच केंद्राने जुनी धून परत आणली. १९७२पासून रोज संध्याकाळी घराघरांत वाजणाऱ्या त्या सुरावटीला कोणी हात लावलेला शहराला चालणार नव्हता.

ज्या गावाचं आपल्या बातम्यांशी इतकं घट्ट नातं, त्या गावात ती धून संपली की पडद्यावर येणारा माणूस कोण होता, हे पाहण्यासारखं आहे. मे १९७७ ते डिसेंबर २०२२, म्हणजे पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ, तो माणूस एकच होता. भरघोस मिशी, संथ आवाज, नीटनेटका सूट. नाव जिम गार्डनर.

अमेरिकी टीव्ही म्हटलं की आपल्याकडे सीएनएन, फॉक्स अशी नावं आठवतात, फार तर जुन्या पिढीला वॉल्टर क्रॉन्काइट. पण सामान्य अमेरिकी माणसाच्या रोजच्या आयुष्यातली टीव्हीवरची बातमी कित्येक दशकं वेगळीच होती. तिथे टीव्हीच्या धंद्यासाठी देशाचे २१० विभाग पाडलेले आहेत. एखादं शहर आणि त्याच्या आजूबाजूची गावं मिळून एक विभाग होतो. प्रत्येक मोठ्या विभागात एबीसी, सीबीएस, एनबीसी या राष्ट्रीय जाळ्यांशी जोडलेलं एकेक स्थानिक केंद्र असतं. मालिका, मोठे सामने आणि देशाच्या बातम्या वरून येतात. गावच्या बातम्या मात्र केंद्राने स्वतः करायच्या. आग कुठे लागली, शाळांचा संप मिटला का, नगर परिषदेत काय ठरलं, कोणता पूल बंद आहे, उद्या बर्फ पडणार का, आपला संघ जिंकला का, हे सगळं तिथे येतं. आपल्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्तीचं पान जसं, तशी ही बातमीपत्रं, फक्त ती रोज ठरल्या वेळी आणि ओळखीच्या तोंडून ऐकायची. फिलाडेल्फियाच्या विभागात पूर्व पेनसिल्व्हेनियाचा आणि डेलावेअरचा बराचसा भाग आणि न्यू जर्सीचा दक्षिण भाग येतो. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या विभागांमध्ये त्याची गणना होते.

गार्डनर मूळचे फिलाडेल्फियाचे नव्हेत. जन्म १७ मे १९४८, न्यूयॉर्क शहरातला. जन्मनाव जिम गोल्डमन. गार्डनर हे पडद्यावरचं नाव, ते पुढे कायमचं चिकटलं. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना १९६८च्या वसंतात तिथे मोठं विद्यार्थी आंदोलन झालं. व्हिएतनाम युद्धाशी विद्यापीठाचे असलेले संबंध आणि हार्लेम वस्तीला लागून असलेल्या बागेत व्यायामशाळा बांधायचा बेत, या दोन्हींविरुद्ध विद्यार्थ्यांनी इमारतींचा ताबा घेतला होता. त्या दिवसांत विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर या विद्यार्थी रेडिओवरून मुलंच आंदोलनाच्या बातम्या देत होती. त्यांत गार्डनर होते. बाहेरून आलेल्या बातमीदारांना इमारती आणि चेहरे ओळखू येत नव्हते, या मुलांना येत होते. पुढे त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत जो गुण दिसला, त्याची सुरुवात इथे झाली असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर न्यूयॉर्कचं बातम्यांचं रेडिओ केंद्र, मग व्हाइट प्लेन्सचा छोटा रेडिओ, मग १९७४च्या सुमारास बफेलो शहरातलं डब्ल्यूकेबीडब्ल्यू हे टीव्ही केंद्र. त्या काळच्या तरुण अमेरिकी बातमीदाराचा रस्ता ठरलेला असे. आधी लहान गावात काम करून हात बसवायचा, मग मध्यम शहर, मग मोठं शहर, आणि नशिबाने साथ दिली तर राष्ट्रीय वाहिनी. बफेलोहून १ जून १९७६ला गार्डनर फिलाडेल्फियात आले तेव्हा तेही याच वाटेवर होते. ती वाट त्यांच्यापुरती तिथेच थांबली.

हे शहर टीव्ही बातम्यांच्या इतिहासात फार महत्त्वाचं आहे. १९६५मध्ये तिथल्या केवायडब्ल्यू केंद्रात अल प्रिमो यांनी ‘आयविटनेस न्यूज’ हा प्रकार सुरू केला. तोवर एकच माणूस सगळ्या बातम्या वाचत असे. प्रिमोंनी बातमीदारांना कॅमेऱ्यासमोर आणलं आणि ज्याने बातमी मिळवली त्यानेच ती सांगावी असा पायंडा पाडला. पाच वर्षांनी, १९७०मध्ये, चॅनेल ६वर मेल कॅम्पमन यांनी ‘अ‍ॅक्शन न्यूज’ काढलं. बातम्या छोट्या, संख्या जास्त, वेग मोठा. हे दोन्ही नमुने पुढे देशभरच्या केंद्रांनी उचलले. ‘अ‍ॅक्शन न्यूज’वर टीकाही झाली आणि ती रास्त होती. अर्ध्या मिनिटात सांगता येईल अशी आग आणि मारामारी पुढे येते, सांगायला वेळ लागणारा नगरपालिकेचा अर्थसंकल्प मागे पडतो. शहराचं चित्र त्याने विस्कटतं, विशेषतः गरीब वस्त्यांचं.

‘अ‍ॅक्शन न्यूज’चा पहिला चेहरा होता लॅरी केन. बीटल्सच्या १९६४ आणि १९६५च्या अमेरिका दौऱ्यांत त्यांच्याबरोबर फिरलेला हा बातमीदार शहरात कमालीचा लोकप्रिय होता. १९७७मध्ये न्यूयॉर्कहून बोलावणं आलं आणि केन गेले. ११ मे १९७७ला संध्याकाळी सहाच्या आणि रात्री अकराच्या बातम्या गार्डनर यांच्याकडे आल्या. एकोणतीस वर्षं पूर्ण व्हायला त्यांना सहा दिवस कमी होते. पुढच्याच वर्षी केन फिलाडेल्फियाला परतले, तेही प्रतिस्पर्धी केंद्रावर. नवख्या माणसाची याहून कडक परीक्षा कोणती? पण चॅनेल ६ची आघाडी टिकली आणि पुढची अनेक दशकं बहुतेक काळ या शहरातल्या बातम्यांत तेच केंद्र पहिलं राहिलं.

अशा अँकरचा दिवस दुपारी सुरू होतो. संपादकांबरोबर बैठक, आज काय घ्यायचं आणि कोणत्या क्रमाने, यावर वादावादी. मग बातमीदारांनी लिहिलेला मजकूर वाचायचा, आपल्या तोंडी बसेल असा फिरवायचा, नावांचे उच्चार तपासायचे. सहाचं बातमीपत्र, मग थोडा वेळ जेवणासाठी, पुन्हा स्टुडिओ आणि अकराचं बातमीपत्र. घरी पोचेपर्यंत मध्यरात्र. गार्डनर यांनी ही दुहेरी पाळी जानेवारी २०२२पर्यंत सांभाळली. मुलांच्या शाळेचे कार्यक्रम, मित्रांच्या घरच्या मेजवान्या, सगळं संध्याकाळीच असतं आणि अँकरची संध्याकाळ तर आधीच दिलेली असते. टेलिप्रॉम्प्टरवरचं वाचणं हा यातला सोपा भाग. खरी कसोटी लागते ती मोठी घटना घडत असताना, हातात कागद नाही, समोर फक्त हलतं चित्र आहे, आणि तासन्‌तास बोलायचं आहे तेव्हा.

१३ मे १९८५चा दिवस तसाच होता. पश्चिम फिलाडेल्फियात ओसेज अव्हेन्यूवरच्या एका घरात ‘मूव्ह’ नावाचा कृष्णवर्णीयांचा गट राहत होता. शेजाऱ्यांच्या तक्रारी, पोलिसांशी जुनं वैर, आणि मग वॉरंट घेऊन आलेल्या पोलिसांनी दिवसभर घातलेला वेढा. संध्याकाळी पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून त्या घरावर बॉम्ब टाकला. आग लागली आणि ती वेळीच विझवायची नाही असं अधिकाऱ्यांनी ठरवलं. अकरा माणसं मेली, त्यांत पाच मुलं. एकसष्ट घरं जळून खाक झाली. आपल्याच शहराच्या पोलिसांनी आपल्याच वस्तीवर टाकलेला बॉम्ब लोक घरात बसून टीव्हीवर पाहत होते. शहराचे महापौर विल्सन गूड, या पदावर निवडून आलेले तिथले पहिले कृष्णवर्णीय. ही बातमी कोणत्याही एका बाजूला कलली असती तर शहर आणखी पेटलं असतं. पुढची कित्येक वर्षं चौकशी आयोग, खटले, जळालेल्या जागी बांधलेली आणि नंतर निकृष्ट निघालेली घरं, असं हे प्रकरण चालूच राहिलं. ज्या केंद्रांकडे तीच माणसं वर्षानुवर्षं होती, त्यांना दर वेळी प्रेक्षकाला पहिल्यापासून गोष्ट सांगावी लागली नाही.

पेनसिल्व्हेनियातल्याच थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातला अपघात मार्च १९७९मधला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पोप जॉन पॉल दुसरे फिलाडेल्फियाला आले. १९८०मध्ये फिलीज हा बेसबॉल संघ पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकला, २००८मध्ये पुन्हा. फेब्रुवारी २०१८मध्ये ईगल्स या फुटबॉल संघाने सुपर बोल जिंकला आणि अवघं शहर रस्त्यावर उतरलं. यातली प्रत्येक घटना गार्डनर यांच्याच काळातली. १९७७ साली आईच्या मांडीवर बसून ती धून ऐकणारं मूल २०२२मध्ये पंचेचाळिशी ओलांडलेलं होतं.

या केंद्राच्या पाटीवर एक काळा दिवसही आहे. २२ जानेवारी १९८७ला पेनसिल्व्हेनिया राज्याचे कोषाध्यक्ष बड ड्वायर यांनी हॅरिसबर्गमध्ये पत्रकार परिषदेतच कॅमेऱ्यांसमोर स्वतःवर गोळी झाडून घेतली. बर्फामुळे त्या दिवशी अनेक ठिकाणी शाळा बंद होत्या, मुलं घरी टीव्हीसमोर होती. बऱ्याच केंद्रांनी चित्र आधीच थांबवलं. ज्यांनी गोळी झाडण्याचा क्षण दाखवला त्यांत चॅनेल ६ होतं. पत्रकारितेच्या वर्गांत या दिवसाची चर्चा आजही होते, आणि व्हायलाच हवी. वेग हेच बळ मानणाऱ्या न्यूजरूमला थांबायचं कुठे हे त्या दिवशी उमगलं नाही.

बातमी देणाऱ्यांच्या घरातही मरण येतं. जिम ओब्रायन हा चॅनेल ६चा हवामान सांगणारा, हसरा आणि शहराचा लाडका माणूस. विमानातून उडी मारून पॅराशूटने उतरण्याचा त्याला छंद होता. २५ सप्टेंबर १९८३, रविवार, अशाच एका उडीत तो गेला. त्या रात्री सहकाऱ्याच्या मृत्यूची बातमी गार्डनर यांनी दिली. शेजारची खुर्ची रिकामी आणि आपण बोलत राहायचं, असा हा प्रसंग. क्रीडावार्ता देणारे गॅरी पापा २००९मध्ये प्रोस्टेट कर्करोगाने गेले तेव्हा तो पुन्हा आला. आजाराबद्दल पापा उघडपणे बोलले होते आणि त्यामुळे कित्येक पुरुषांपर्यंत तपासणीचा विषय पोचला. फिलाडेल्फियात ‘फादर्स डे’ला होणारी कर्करोगविरोधी दौड आता त्यांच्या नावाने ओळखली जाते. स्थानिक वाहिनीवरच्या माणसाचं लोकांशी असलेलं नातं किती खोलवर जातं, ते यावरून कळतं.

एका माणसाला केंद्र इतकी वर्षं का सांभाळतं, याचं उत्तर भावनेत जितकं आहे तितकंच हिशेबात आहे. स्थानिक बातम्या हा तिथल्या केंद्रांच्या कमाईचा मोठा आधार. नील्सन ही संस्था प्रेक्षक मोजते. फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर हे मोजणीचे खास महिने, त्यांवर जाहिरातींचे दर ठरत आले. सहाच्या बातम्यांना बसलेला प्रेक्षक पुढच्या कार्यक्रमांनाही टिकतो. त्यामुळे विश्वासाचा चेहरा म्हणजे केंद्राची खरी मालमत्ता. गार्डनर काम करत असताना मालक बदलत गेले. केंद्राची मालक असलेल्या कॅपिटल सिटीज कंपनीने १९८६मध्ये एबीसी हे अख्खं जाळं विकत घेतलं, १९९६मध्ये ते डिस्नेकडे गेलं. सहा वाजताचा माणूस मात्र बदलला नाही.

अमेरिकेत असे आणखी काही जण झाले. ह्यूस्टनचे डेव्ह वॉर्ड १९६६मध्ये केटीआरके केंद्रात आले आणि अर्धशतक तिथेच राहिले, गिनेसने त्याची नोंद केली. रोचेस्टरचे डॉन अ‍ॅलहार्ट १९६६पासून २०२४पर्यंत एकाच केंद्रात होते. न्यूयॉर्कचे चक स्कारबरो १९७४ ते २०२४. ही यादी वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. सगळे पुरुष.

तो योगायोग नाही. कॅन्सस सिटीच्या केंद्रात क्रिस्टीन क्राफ्ट या अँकरला १९८१मध्ये त्या जागेवरून काढलं गेलं. ती वयस्कर दिसते, पुरेशी देखणी नाही आणि पुरुषांपुढे नमतं घेत नाही, असं आपल्याला सांगण्यात आल्याचं तिने म्हटलं. तेव्हा ती चाळिशीलाही पोचली नव्हती. १९८३ आणि १९८४मध्ये दोन वेगवेगळ्या ज्युरींनी तिच्या बाजूने कौल देऊन भरपाई मंजूर केली, पण अपिलात निकाल फिरला आणि १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यूयॉर्कमध्ये स्यू सिमन्स १९८०पासून स्कारबरोंच्या शेजारी बसून बातम्या देत होत्या. २०१२मध्ये केंद्राने त्यांचा करार पुढे चालवला नाही, स्कारबरो आणखी बारा वर्षं राहिले. पुरुषाचे केस पिकले की त्याचा अधिकार वाढतो आणि बाईचे पिकले की तिची मुदत संपते, हा अन्याय पडद्याने दशकानुदशकं पोसला. चॅनेल ६वरच्या लिसा थॉमस-लॉरी यांचं उदाहरण म्हणूनच मोलाचं. १९७८मध्ये आलेल्या या कृष्णवर्णीय अँकरने गंभीर आजारपण झेलून २०१६पर्यंत काम केलं. अशी उदाहरणं फार थोडी.

नोव्हेंबर २०२०मध्ये साऱ्या जगाचे डोळे फिलाडेल्फियावर लागले. अध्यक्षपदाचा निकाल पेनसिल्व्हेनियावर अडकला होता, मोजणी चार दिवस चालली आणि घोटाळ्याच्या आरोपांना ऊत आला. उशिराचं कारण साधं होतं. टपालाने आलेली मतं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायला त्या राज्याचा कायदा परवानगी देत नव्हता, आणि करोनामुळे त्या वर्षी टपाली मतं प्रचंड आली होती. देशभरच्या वाहिन्यांवर आरडाओरडा चालू असताना ही बाब नीट समजावून सांगायला शहर, त्याची निवडणूक यंत्रणा आणि तिथली माणसं वर्षानुवर्षं पाहिलेला बातमीदारच लागतो. स्वतःची राजकीय मतं बातमीत न मिसळणाऱ्या गार्डनरसारख्यांचं मोल अशा आठवड्यात कळतं.

नोव्हेंबर २०२१मध्ये त्यांनी निवृत्तीचा बेत जाहीर केला. जानेवारी २०२२मध्ये अकराचं बातमीपत्र सोडलं, तिथे रिक विल्यम्स आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातली निवडणुकीची रात्र त्यांनी अजून सांभाळली, आणि २१ डिसेंबर २०२२ला सहाचं शेवटचं बातमीपत्र दिलं. ती जागा ब्रायन टॅफ यांच्याकडे गेली. या दोघांनाही शहर आधीपासून ओळखत होतं, इतकी काळजी केंद्राने घेतली होती.

मराठी वाचकाला हे सगळं अगदीच परकं वाटू नये. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि महाराष्ट्रातल्या काही पिढ्यांची संध्याकाळ बातम्यांभोवती बांधली गेली. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांनी तिथे बातम्या दिल्या, अनंत भावे यांचा चेहरा घरोघरी ओळखीचा झाला, आणि प्रदीप भिडे यांचा आवाज तर कित्येकांच्या मनात बातमीचाच आवाज होऊन बसला. ७ जून २०२२ला भिडे गेले तेव्हा लोकांना आपल्या घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. फरक मोठा आहे, तोही सांगायला हवा. दूरदर्शन सरकारचं होतं आणि बातमी कोणती जाणार हे निवेदकाच्या हातात नव्हतं. शिवाय बातमीपत्र साऱ्या राज्याचं होतं, एका शहराचं नव्हे. २००७पासून मराठीत चोवीस तासांच्या खासगी वाहिन्या आल्या, त्यांनीही राज्यभराचाच प्रेक्षक धरला. एका शहरासाठी रोज बातम्या देण्याचं काम कोल्हापूर, सोलापूर, नाशिकसारख्या ठिकाणी केबलवरच्या छोट्या वाहिन्यांनी केलं, तुटपुंज्या पैशांत आणि कोणाच्या फारशा लक्षात न येता.

या सगळ्या बातमीपत्रांचं पुढे काय होतं, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. २०१३मध्ये जेसन ऑस्डर या दिग्दर्शकाने ‘लेट द फायर बर्न’ हा माहितीपट काढला. विषय १९८५चा ‘मूव्ह’ हल्ला. त्यात नवी मुलाखत नाही, निवेदन नाही. त्या काळचं चित्रीकरण, चौकशी आयोगासमोरच्या साक्षी आणि स्थानिक टीव्हीच्या बातम्या, एवढ्यावरच तो उभा आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या संध्याकाळी पाठवलेल्या बातम्यांच्या फिती कोणी फेकून दिल्या नाहीत, म्हणून शहराला आपला अपराध पुन्हा नीट पाहता आला.

आपल्याकडे गावोगावच्या केबल वाहिन्यांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पूर, दंगली, निवडणुका, संप, गणपतीच्या मिरवणुका टिपल्या आहेत. त्यांच्या कॅसेटी आणि हार्ड डिस्क आज कोणाच्या तरी माळ्यावर, दमट खोलीत पडून असतील. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी त्या टाकून देऊ नयेत, आणि जवळच्या विद्यापीठाने किंवा जिल्हा ग्रंथालयाने त्या मागून घेऊन जतन कराव्यात. हे काम याच दशकात व्हायला हवं, कारण चुंबकीय फिती फार काळ टिकत नाहीत.